वस्तीसोबत भिंत रंगवणारं कोणी आहे का इथं? ऐकण्यात जातात ते दिवस तुम्ही कामात धरता का?

भिंतवाली

नमस्कार मंडळी, धागा जरा लांबणार आहे, आधीच सांगते. इथं चित्रं काढणारे, शिल्पं करणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतेय.

मी गेली सहा वर्षं भिंतीवरची मोठी चित्रं करतेय. पहिली दोन वर्षं एका ज्येष्ठ कलाकाराच्या हाताखाली परांचीवर उभं राहून नुसते रंग भरले, मग हळूहळू स्वतःची कामं घ्यायला लागले. आत्ता हातात आहे ती भिंत ३४ मीटर लांब आणि साडेतीन मीटर उंच, एका बाजूला घरं आणि पलीकडे बंद पडलेल्या कारखान्याची मोकळी जागा. काम देणाऱ्या संस्थेच्या कागदावर 'स्थानिक लोकांच्या सहभागातून' असं स्वच्छ लिहिलंय पण पैसे ठरलेत चौरस फुटावर, म्हणजे रंग लागेल तेवढ्याचेच.

मी तिथं अकरा आठवडे जात होते, आठवड्यातून तीन संध्याकाळी. कारखान्यात काम केलेली माणसं भोंग्याबद्दल बोलायची, पहिल्या भोंग्याला उठायचं, दुसऱ्याला घराबाहेर पडायचं, अख्ख्या वस्तीचं घड्याळ तेच होतं. कोणाची बोटं गेली, कोणाला ऐकू येणं बंद झालं हे पण सांगायची, पण ते उशिरा, पाचव्या-सहाव्या भेटीनंतर. आणि त्याच गल्लीत नव्यानं राहायला आलेली तरुण कुटुंबं आहेत, त्यांचं म्हणणं असं की कारखाना नको, तो बंद पडला त्याला इतकी वर्षं झाली, आमची मुलं रोज शाळेत जाताना हीच भिंत बघणार, त्यांना झाडं-पक्षी काहीतरी मोकळं बघू दे. मला दोघांचंही पटतं, आणि अडचण तीच आहे.

मागच्या महिन्यात मी खाका मोठा करून सगळ्यांसमोर ठेवला. मध्यभागी यंत्रांसमोर उभी असलेली माणसं, मान ताठ, नजर लांब कुठंतरी. लोकांना आवडला असं वाटलं, टाळ्याही झाल्या. मग साठीच्या एक बाई, त्यांनी तिथं २२ वर्षं काम केलंय, त्या बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चांगलंय गं, पण हे आम्ही नाही." मी विचारलं काय चुकलं, यंत्र चुकलं का? तर म्हणाल्या यंत्र बरोबर आहे, आम्ही असं उभं राहत नव्हतो. मान अशी एका बाजूला कललेली असायची, कान यंत्राकडे, कारण बिघाड डोळ्यांना दिसायच्या आधी आवाजात कळायचा.

अकरा आठवडे मी त्यांचं ऐकत होते आणि तरीही ही गोष्ट माझ्यापर्यंत पोचली नव्हती. रात्री झोप नाही लागली. आता खाका परत करायचाय, तो कोणाच्या हिशोबात धरायचा माहीत नाही, संस्था म्हणते तुमचा खाका मंजूर झालाय, रंग सुरू करा.

तर मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत, नीट सुट्या करून मांडता येत नाहीयेत म्हणून एकत्रच लिहिते. ऐकण्यात जातात ते दिवस तुम्ही कामाचे दिवस म्हणून लावता का आणि समोरच्याला ते पटवता कसे? दोन गट दोन गोष्टी मागत असतील तर शेवटी ठरवतं कोण, तुम्ही की मतदान? आणि हे सगळं झाल्यावर त्या चित्राला 'माझं' म्हणायला तुमची जीभ उचलते का?

---

ओळंबा

ताई, आधी पैशाचं बोलतो कारण ते नीट नसेल तर बाकीचं सगळं तुमच्या तब्येतीतून वसूल होतं. मी २३ वर्षं हे करतोय, त्यातली पहिली नऊ-दहा वर्षं मीही चौरस फुटावरच कामं घेतली. एकदा एका शाळेच्या भिंतीचं काम घेतलं आणि गिलावा इतका खराब निघाला की निम्मे दिवस भिंत खरवडण्यातच गेले, ते दिवस कुठल्याच फुटात बसत नव्हते. घरी काही न नेता महिना काढला तेव्हा.

चौरस फुटाचा दर सपाट रंग लावायच्या कामाला चालतो कारण तिथं भिंत वाढली की काम वाढतं. आपल्या कामात भिंत तेवढीच राहते आणि काम वाढतं ते माणसांमुळे. म्हणून मी आता टप्प्यांवर करार करतो. ऐकणं आणि शोध हा पहिला टप्पा, त्याचे पैसे वेगळे, आणि तो संपला की मी एक छोटा अहवाल देतो, कोणाकोणाला भेटलो (नावं नाही, किती जण आणि कुठले), काय ऐकलं, कुठं मतभेद आहेत. हा अहवाल फार उपयोगी पडतो कारण संस्थेच्या माणसाला वरच्यांना दाखवायला हातात काहीतरी मिळतं, नुसतं 'गप्पा मारल्या' असं राहत नाही. मग खाका, त्यात किती वेळा बदल करून देणार ते लिहायचं, मी दोनदा लिहितो आणि तिसऱ्यापासून वेगळे पैसे. मग भिंतीची तयारी, मग रंग, आणि शेवटी देखभाल. परांची, विमा, मदतनीसांचा रोज हे सगळं सुटं सुटं दाखवायचं, एका आकड्यात कोंबलं की कापाकापीच्या वेळी पहिली कात्री तुमच्या मेहनतान्यालाच लागते.

आणि एक, वस्तीतली मुलं-माणसं तुमच्याबरोबर रंग लावणार असतील तर त्यांच्या रोजाचाही विचार करा. लॉस एंजेलिसची 'ग्रेट वॉल' ऐकली असेल, ज्युडी बाका यांनी पूर वाहून नेणाऱ्या काँक्रीटच्या कालव्याच्या भिंतीवर केलेली. १९७६ च्या पहिल्या उन्हाळ्यात ८० तरुण पोरं होती, त्यातली बरीचशी पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यात सापडलेली, आणि त्यांना कामाचे पैसे दिले गेले. पुढे पाच उन्हाळ्यांत मिळून ४०० हून जास्त जणांचे हात त्या भिंतीला लागले, लांबी झाली २,७५४ फूट. इतक्या लोकांना 'तुमचा सहभाग मोलाचा आहे' म्हणून फुकट राबवलं असतं तर ती भिंत दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत पोचली असती असं मला वाटत नाही.

आत्ताच्या कामाचं म्हणाल तर करार झालाय त्यामुळे मागचे अकरा आठवडे बहुतेक मिळणार नाहीत, पण खाका बदलायचे मागा. लेखी मागा, ईमेलवर. त्यांच्याच कागदावरचं 'स्थानिक लोकांच्या सहभागातून' हे वाक्य उचलून लिहा की सहभागातून दुरुस्ती आली, ती करायची तर इतके दिवस लागतील.

---

दुसरी_पाळी

तुमची पोस्ट दोनदा वाचली. त्या बाईंचं वाक्य वाचून काटा आला अंगावर.

मी स्वतः भिंती करत नाही, मी लोकांबरोबर आवाज आणि आठवणी गोळा करून सार्वजनिक जागी मांडणं असलं काम करते त्यामुळे 'ऐकणं' हेच माझं मुख्य साहित्य आहे आणि तुमचा पहिला प्रश्न मला रोज पडतो. मला आधार वाटतो तो मिअरल लॅडरमन युकेलीस यांच्या कामाचा. त्यांना मूल झालं तेव्हा लक्षात आलं की दिवसभर आपण आवरतोय, धुतोय, सांभाळतोय आणि याला कोणी काम म्हणत नाही, कला तर नाहीच नाही, त्यातून १९६९ मध्ये त्यांनी देखभालीच्या कलेचा जाहीरनामा लिहिला. १९७७ पासून त्या न्यूयॉर्कच्या सफाई खात्यात निवासी कलाकार झाल्या. मग १९७९-८० मध्ये अकरा महिने त्या शहराच्या सगळ्या भागात फिरल्या आणि ८,५०० सफाई कामगारांशी एकेकाशी हात मिळवला, प्रत्येकाला सांगितलं की हे शहर जिवंत ठेवल्याबद्दल तुमचे आभार. पहाटेच्या पाळीला जायच्या, रात्रीच्या पाळीला जायच्या, त्यांच्या बरोबरीनं चालायच्या, ऐकायच्या. भिंत नाही, पुतळा नाही, तेच काम. पण याची दुसरी बाजू पण सांगायला हवी, त्या खात्यातलं त्यांचं पद बिनपगारी होतं. म्हणजे ज्या कामाकडे जग बघत नाही त्या कामाकडे लोकांना बघायला लावणाऱ्या बाईचं काम पण हिशोबात धरलं गेलं नाही, हे मला प्रत्येक वेळी टोचतं. म्हणून ओळंबा दादांना शंभर टक्के अनुमोदन, अहवाल करा आणि पैसे मागा.

दुसरं मतदानाबद्दल. शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्येच नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती, शहर नियोजनासाठी, पण आपल्या कामाला तंतोतंत लागू पडते. सगळ्यात खालच्या पायरीवर लोकांना नुसतं गुंडाळणं, सगळ्यात वर निर्णय त्यांच्या हातात. लोकांचं मत विचारणं हे त्या शिडीवर फक्त चौथ्या पायरीवर आहे! आपण सभा घेतो, चिठ्ठ्या गोळा करतो, फोटो काढतो आणि आपल्याला वाटतं झाला सहभाग. तुमच्या त्या सभेत लोकांना 'नाही' म्हणायची सोय होती का? म्हणजे त्या बाई बोलल्या ते त्यांच्या हिमतीवर बोलल्या की तुम्ही तशी जागा ठेवली होती? हे टोचून बोलत नाहीये, मी स्वतः ही जागा ठेवायला विसरलेय आधी, आणि नंतर कळलं की अर्धे लोक मला वाईट वाटू नये म्हणून 'छान' म्हणत होते.

---

गल्लीतला_एक

मी कलाकार नाही, इथं वाचायला येतो. पण आमच्या गल्लीच्या भिंतीवर सात वर्षांपूर्वी चित्र झालंय म्हणून पलीकडच्या बाजूचं सांगतो, चालेल ना.

दोन तरुण कलाकार आले होते, वागायला चांगले होते. घरोघरी जाऊन फोटो काढले. माझ्या आईचा पण काढला, ओट्यावर बसलेली. कशासाठी ते सांगितलं होतं पण एवढा मोठा चेहरा होणार हे तिला कळलं नव्हतं, आम्हालाही नाही. एक दिवस बघतो तर दोन मजले उंच आई. तिला पहिले काही दिवस बाहेर पडायला लाज वाटायची, मग हळूहळू सवय झाली, मग आवडायला लागलं. लोक ओळखायला लागले, पोरं आजी आजी करायची. तीन वर्षांनी ती गेली.

आणि त्याच्या पुढच्या पावसाळ्यात तिच्या गालावरचा रंग सुटायला लागला. आधी नाण्याएवढा पोपडा, मग हाताएवढा. मी ज्या संस्थेनं करून घेतलं होतं तिथं फोन केला, ते म्हणाले प्रकल्प संपलाय. कलाकारांपैकी एकाचा नंबर लागला, तो बिचारा स्वतःच्या खर्चानं यायला तयार होता पण परांची कोण देणार. आता कपाळ आणि एक डोळा राहिलाय. मी कामाला जाताना मुद्दाम पलीकडच्या रस्त्यानं जातो.

मला कोणावर राग नाही. पण तुम्ही सगळे 'भिंत कोणाची, चित्र कोणाचं' बोलताय म्हणून सांगावंसं वाटलं, आमच्या बाजूनं तो प्रश्न असाही आहे की तुम्ही गेल्यावर आम्ही कोणाला फोन करायचा.

---

पोपडा

गल्लीतला दादा, वाचून फार वाईट वाटलं. माझं काम भिंतींची दुरुस्ती आणि जुनी चित्रं वाचवणं हेच आहे त्यामुळे जे माहितीये ते लिहितो, कदाचित इतर कोणाच्या भिंतीला उपयोग होईल.

तुम्ही म्हणता तसा पोपडा खालून सुटतो तेव्हा बहुतेक वेळा दोष रंगाचा नसतो, भिंतीत ओल असते. पाणी जमिनीतून किंवा वरच्या फटीतून आत येतं, सिमेंट-विटांमधले क्षार विरघळवून पृष्ठभागाकडे आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार रंगाच्या मागे साठून त्याला ढकलतात. आपण ज्याला लोणा म्हणतो तो हाच. ॲक्रिलिकचा थर प्लॅस्टिकसारखा असतो, तो ओलीला सहज बाहेर जाऊ देत नाही, म्हणून ओल्या भिंतीवर कितीही भारी ॲक्रिलिक लावा ते सुटणारच. तर पहिलं काम ओलीचा उगम शोधणं, गळका पाइप, वरच्या कडेला फट, पायथ्याशी साचणारं पाणी. ते झाल्याशिवाय ब्रश उचलू नये. नवा गिलावा असेल तर निदान चार आठवडे तरी सुकू द्यायचा, ताज्या सिमेंटचा अल्कधर्म काही रंगद्रव्यं खाऊन टाकतो.

ओल पूर्ण जाणारच नाही अशी भिंत असेल तर सिलिकेटचे रंग बघावेत, जर्मनीत आडोल्फ कायम यांनी १८७८ साली त्याचं पेटंट घेतलं होतं, तो रंग भिंतीवर थर म्हणून बसत नाही, भिंतीच्या खनिजाशीच जोडला जातो आणि वाफ बाहेर जाऊ देतो. महाग आहेत आणि हात बसायला वेळ लागतो, पण टिकतात.

आणि रंग निवडताना बाटलीवरचं रंगद्रव्याचं नाव वाचा, 'गुलाबी' 'केशरी' ही नावं वाचून काही कळत नाही. गेरू, पिवळी माती, लोहाचे सगळे तांबडे-तपकिरी हे उन्हात जवळजवळ हलत नाहीत. थॅलो निळा-हिरवा पण खंबीर. भडक गुलाबी, झगझगीत पिवळे हे सगळ्यात आधी उडतात, त्यामुळे दक्षिण-पश्चिमेच्या उन्हातल्या भिंतीवर चेहऱ्याचा उबदारपणा त्या रंगांवर टाकला तर काही वर्षांत माणूस निळसर, आजारी दिसायला लागतो. मी असे चेहरे पाहिलेत.

भिंतवाली ताई, देखभालीचा टप्पा करारात घालाच. वर्षातून एकदा बघणी, कोण बघणार त्याचं पद लिहा (माणूस बदलतो, पद राहतं), आणि प्रत्येक रंगाचं नाव, कंपनी, मिश्रणाचं प्रमाण लिहून एक प्रत वस्तीत ठेवा. ज्या ग्रेट वॉलचा उल्लेख वर आलाय तिचीसुद्धा २०११ मध्ये मोठी दुरुस्ती करावी लागली. त्या भिंतीमागे काम सांभाळणारी संस्था तेव्हाही उभी होती म्हणून ते झालं.

दादा, राहिलेल्या कपाळाचा आणि डोळ्याचा एक नीट फोटो उजेडात, समोरून काढून ठेवा, मोजपट्टी धरून. आणि मूळ फोटो ज्यावरून चित्र केलं तो त्या कलाकाराकडून मागून घ्या. हे दोन असले तर पुढे कधीही काम करता येतं.

---

निळी_पेन्सिल

मी थोडं वेगळं बोलणार आहे. मतदानाच्या मी विरोधात आहे. मतदानानं चित्र ठरवलं की जे कोणालाच खुपत नाही तेच उरतं, आणि ज्यांची बोटं गेली ते कायम अल्पमतात असतात. झाडं-पक्षी सहज जिंकतील. त्या बाईंची कललेली मान मतदानात कधीच निवडून आली नसती कारण ती बाकी कोणाला माहीतच नव्हती.

पण कलाकारानं एकट्यानं ठरवावं असंही म्हणत नाहीये. रिचर्ड सेरा यांचं 'टिल्टेड आर्क' आठवा, न्यूयॉर्कमधल्या सरकारी कचेऱ्यांच्या चौकात १९८१ मध्ये उभं केलेलं पोलादी वळण, १२० फूट लांब, १२ फूट उंच. शिल्प म्हणून मला ते फार ताकदीचं वाटतं. पण रोज तिथून जाणाऱ्या कर्मचाऱ्यांना ते आधी कोणी विचारलं नव्हतं आणि त्यांचा चौक दोन भागांत कापला गेला. १९८५ मध्ये जाहीर सुनावणी झाली, १८० जण बोलले, त्यातले १२२ शिल्प ठेवा म्हणाले आणि ५८ काढा म्हणाले, तरी निर्णय काढण्याचाच झाला आणि मार्च १९८९ मध्ये रात्रीतून कापून नेलं. म्हणजे बघा, बोलणाऱ्यांच्यात बहुमत कलाकाराच्या बाजूनं असूनही ते वाचलं नाही, आणि विचारणं जे व्हायचं ते सगळं झालं पोलाद उभं राहिल्यानंतर चार वर्षांनी. त्या वेळेपर्यंत दोन्ही बाजूंना एकमेकांचं ऐकण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

'माझं' म्हणण्याबद्दल, जीभ उचलायला हवी ताई, त्याचं कारण अहंकार नाही. नाव नसेल तर हक्कही नाही आणि जबाबदारीही नाही. अमरनाथ सहगल यांचं विज्ञान भवनातलं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये त्यांना न कळवता काढून गोदामात टाकलं, तुकडे झाले. ते कोर्टात गेले आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, उरलेले तुकडे परत द्यायला लावले आणि ५ लाख रुपये भरपाई. आधार होता कॉपीराइट कायद्याचं कलम ५७, म्हणजे पैसे घेऊन काम विकलं तरी त्याची मोडतोड झाली तर कर्त्याला बोलता येतं. हा हक्क कर्त्याचा आहे. 'सगळ्या वस्तीनं केलं' एवढंच लिहिलं तर उद्या कोणी भिंतीवर पांढरा रंग मारला की कोर्टात उभं राहायला कोणीच नसतं. माझा मार्ग असा, रचना माझी म्हणून माझं नाव, आणि ज्यांच्या आठवणी, ज्यांचे हात, त्यांची नावं त्यांना विचारून त्याच आकाराच्या अक्षरात. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात नाही. 'त्याच आकारात' हे मी करारात लिहून घेतो.

---

ओळंबा

निळी पेन्सिल, मतदानाबद्दल सहमत, एक भर घालतो. मी लोकांना 'काय काढू' असं विचारत नाही आता. 'काय चुकीचं दाखवलं तर तुम्हाला राग येईल' असं विचारतो. या प्रश्नाला लोक खरं उत्तर देतात, आणि लगेच देतात. काय हवं ते विचारलं की सगळीकडे तेच सूर्य, हात, पक्षी येतात कारण माणसं आपल्याला चित्रात काय असतं याची जी ओळख आहे ती सांगतात, स्वतःचं नाही सांगत.

गल्लीतला भाऊ, तुमची पोस्ट वाचून मी माझी जुनी वही काढली आणि तीन जुन्या भिंतींच्या वस्तीत फोन केले. एका ठिकाणी कोणी उचललाच नाही. उद्या जाऊन येतो.

---

भिंतवाली

सगळ्यांचे मनापासून आभार, उशीर झाला लिहायला कारण मधले दहा दिवस तिकडेच होते. काय झालं ते सांगते.

आधी दुसरी_पाळी ताईंच्या प्रश्नाचं उत्तर, नाही, मी 'नाही' म्हणायची जागा ठेवली नव्हती. खाका रंगवून, चौकट करून नेला होता, त्यावर कोण बोट ठेवणार. म्हणून या वेळी काहीच काढून नेलं नाही. खाकी कागदाचे माणसाएवढे तुकडे आणि कोळसा घेऊन गेले आणि त्या बाईंना म्हटलं तुम्ही उभं राहून दाखवा. त्या उभ्या राहिल्या. मान कलली, एक हात आपोआप कमरेच्या उंचीवर आला आणि बोटं हलायला लागली, समोर यंत्र नव्हतं तरी. शेजारचे दोन आजोबा बघत होते, ते म्हणाले आमच्या खात्यात वेगळं होतं, आम्ही गुडघा टेकून, आणि त्यांनी करून दाखवलं. मग एकेक करत १९ जण झाले. बाह्यरेषा मी सगळ्या काढल्या नाहीत, पहिल्या तीन काढल्या आणि मग नव्या घरांमधल्या दोन आया पुढं आल्या, त्यांच्या पोरांनी पण कोळसा हातात घेतला. ज्या बाई म्हणत होत्या कारखाना नको त्याच भिंतीला कागद धरून आजोबांच्या गुडघ्याभोवती रेघ मारत होत्या आणि विचारत होत्या दुखायचा का हो गुडघा.

त्यातून रचना आपोआप बदलली. यंत्रं जवळजवळ गेली. १९ आकृत्या, प्रत्येकीची उभं राहायची आपली आपली तऱ्हा, सगळ्या काहीतरी ऐकतायत, आणि त्या कशाच्या दिशेनं कललेत तिथं मी झाडी घेतेय, पक्षी घेतेय, आत्ता त्या मोकळ्या जागेत खरोखर उगवलंय आणि येतायत तेच. हे कोणाचं सुचलं ते मला नक्की सांगता येणार नाही. भोंगा एकाच ठिकाणी आहे, लहान, वरच्या कडेला. बोटं गेलेल्या काकांना ओळंबा दादांचा प्रश्न विचारला, काय दाखवलं तर राग येईल, तर म्हणाले माझा हात दाखवला तर. नाव चालेल, हात नको. तसं करतेय.

संस्थेला ईमेल केला. खाक्याच्या बदलाचे सगळे नाही पण नऊ दिवसांचे पैसे मान्य झाले, मागच्या अकरा आठवड्यांचे नाही मिळाले. देखभालीचं वाक्य घालायला ते तयार झाले, पद लिहायला अजून तयार नाहीत, त्यावर भांडतेय. नावांची पाटी एका आकारात, हे झालं.

गल्लीतला दादा, तुमच्यामुळे मी प्रत्येकाला कागदावर त्यांची आकृती भिंतीवर केवढी होणार ते दोरी धरून दाखवलं. दोघांनी नको म्हटलं, त्यांच्या आकृत्या वगळल्या, १७ राहिल्या. आणि तुमची भिंत कुठं आहे ते मला व्यक्तिगत निरोपात कळवाल का? माझी परांची पुढच्या महिन्याच्या शेवटी मोकळी होतेय.

पोपडा दादा, तुम्हाला एक विचारायचंय. मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना परांचीवर चढवता येणार नाही, म्हणून फिलाडेल्फियाच्या म्युरल आर्ट्सवाले (भित्तिचित्रं करणारी तिथली संस्था) करतात तसं पॅराशूट कापडावर, म्हणजे पातळ हलक्या कापडावर, जमिनीवर रंगवून मग भिंतीला चिकटवायचा विचार आहे, खालच्या सात आकृत्या तरी. आमचा गिलावा खरबरीत आहे आणि पायथ्याशी थोडी ओल वाटतेय. चालेल का?

---

पोपडा

पायथ्याशी ओल असेल तर तिथं कापड नको, ॲक्रिलिक जेलनं चिकटवलेलं कापड म्हणजे आणखी एक बंद थर, मागून फुगेल. आधी एक चाचणी करा, हातभर प्लॅस्टिकचा तुकडा पायथ्याला चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करा आणि दोन दिवस ठेवा. आतून पाणी धरलं किंवा भिंत काळपट झाली तर ओल आत आहे. कोरडी निघाली तर खरबरीतपणा मोठी अडचण नाही, बारीक पुट्टी मारून घासून घ्या, जेल भिंतीला आणि कापडाच्या पाठीला दोन्हीकडे लावा, मधून कडेकडे दाबत हवा काढा. ओली निघाली तर आकृत्या कमरेपासून वर कापडावर करा आणि खालचा भाग सिलिकेटनं थेट भिंतीवर, त्यात मुलांचे हात पोचतातच, परांची लागत नाही.

चाचणीचा फोटो इथं टाका.

---

गल्लीतला_एक

ताई, निरोप पाठवलाय. मूळ फोटो मिळाला, त्या मुलानं जपून ठेवला होता. पोपडा दादांनी सांगितलं तसा मोजपट्टी धरून भिंतीचाही काढलाय. आज बऱ्याच दिवसांनी त्या रस्त्यानं गेलो.